तलावाचं पाणी थंड आहे

३ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. मोठी माणसं रोजनिशी लिहिते, अन् मी मनसाराम शेंडे, मत्स्यपालन सहकारी संस्थेचा सचिव. म्हणजे गावापुरता तरी मोठाच.
कारण घडलं तसं. पोंभुर्ण्याच्या तहसील कचेरीतून फोन आला. विधिमंडळाची समिती जानेवारीत आमचा मामा तलाव पाहाले येऊन राह्यली. मामा म्हणजे माजी मालगुजारी, जुन्या मालगुजार जमीनदाराच्या काळातला. तलाव कोणाले ठेक्यानं द्यायचे, याचं नवीन विधेयक आहे म्हणे. समिती तलाव पाहाते, लोकायचं ऐकते, अन् मंग सरकारले अहवाल देते. आजवर इथी तहसीलदारबी गाडीतून उतरला नाई!
संस्थेत चाळीस घरं, सगळी या तलावावरच जगते. बोलणारा मात्र एकच. मी.

५ नोव्हेंबर
भाग्यश्री, माही पोरगी, चंद्रपूरले लॉ करते. तिनं विधेयक मोबाइलवर पाठवलं. चार पानं वाचली. पुढचं फॉर्मॅलिटीच असते.
संध्याकाळी तिचा फोन. म्हणते, बाबा, सहावं पान वाचलं का? चांगल्या चालत्या तलावाचा खुला लिलाव होणार, कोणताबी ठेकेदार घेऊन जाईल. गाळानं भरलेले तलाव तेवढे जुन्या संस्थेकडेच राहणार, वरून सरकार गाळ काढून देणार. आपल्या तलावात अर्धा गाळ अन् अर्धी बेशरमची झुडपं. आहे तसा दाखवा, बाकी काई करू नका. मी म्हणलं, बरं.
फोन ठेवल्यावर विचार केला. असा घाण तलाव पाहून समिती पहिला प्रश्न काय विचारल? इथला सचिव कोण? पोरीले कायदा कळते, इज्जत कळत नाई.

९ नोव्हेंबर
संस्थेची मीटिंग. अध्यक्ष मुखरूभाऊ म्हणते, सायबायले चपला काढाले लावू अन् गाळात उतरवू. मांडीपर्यंत रुतले की कायदा आपोआप समजते. लोकं हसले, टाळ्याबी वाजवल्या. मले शरम वाटली. आमदार लोकं येणार, त्यात बाया!
मी समजावलं की पाहुणा घरी येते तं आपण अंगण सारवतो का उकिरडा दाखवतो? तेवढ्यात माही बायको गोकुळा मागून म्हणते, उकिरडा उचलालेच येऊन राह्यले ना ते? घरच्या माणसानं मीटिंगमध्ये बोलू नये.
ठराव पास, तलाव साफ करायचा. सूचक मी. अनुमोदक कोणी होत नव्हतं, म्हणून संस्थेतल्या पत्रूचं नाव टाकलं. तो मीटिंगले नव्हता.

१५ नोव्हेंबर
उद्यापासून पहाटे उठून तलावाच्या पाळीवर भाषणाची प्रॅक्टिस. आवाज पाण्यावरून गेला की भारदस्त होते.

१६ नोव्हेंबर
थंडी लय. भाषण मनात चालू आहे.

२ डिसेंबर
बेशरम काढाले श्रमदान. काल गाव लोटलं होतं. आज मुखरूभाऊ एकटा, तोबी मले शिव्या देत काढून राह्यला. म्हणते, आपल्याच पायावर धोंडा आपणच उचलून आणून राह्यलो. म्हातारा माणूस, बोलू द्या.
शेवटी जिथं मंडप पडणार तेवढाच काठ साफ केला. पलीकडची बेशरम दुरून गार्डनसारखी दिसते. फोटोत चांगली येईल.

२० डिसेंबर
भाषण तयार. पहिली पानं सगळी स्वागताची, मान्यवरांच्या नावांची. मागणी शेवटच्या पानावर: गाळ काढून द्या अन् तलाव आमच्याकडंच ठेवा. जोरदार गोष्ट शेवटीच ठेवा लागते. समितीच्या डोळ्यात पाणी आलं पाहिजे.
गोकुळा म्हणते, तेवढंच बोला अन् बसा. तिले सभेचा अनुभव नाई.

४ जानेवारी
ट्रायल म्हणून जाळं टाकलं. निघालं काय? बोटभर मासोळ्या, ढीगभर चिखल अन् एक चप्पल. गोकुळा म्हणते, हेच दाखवा, चपलेसकट.
समितीपुढं चप्पल! एक निर्णय घेतला आहे. इथी लिहीत नाई. गुप्त आहे.

५ जानेवारी
चंद्रपूरच्या बाजारातून रोहू आणली. आंध्राची, बर्फातली, एकेक पोरासारखी उचला लागते अशी. बसमध्ये डब्यातून पाणी गळलं अन् कंडक्टर ओरडला. म्हणलं, सरकारी काम आहे.
पत्रूले सांगून ठेवलं की समितीची गाडी दिसली की बर्फातून काढून, जाळ्यात भरून काठाशी पाण्यात ठेवायची, अन् मी रुमाल हलवला की ओढायचं. याले फसवणूक म्हणत नाई, डेमो म्हणते. शेतीवाले करते तं चालते, मंग आम्ही काऊन नाई?

७ जानेवारी
ऐतिहासिक दिवस! सगळं लिहून ठेवतो.
समिती अकराले येणार होती, तीनले आली. म्हणे अर्धाच तास आहे, पुढं गडचिरोलीले जायचं आहे. पण सत्काराशिवाय कोणाले बसू देते का? एकेकाले शाल, श्रीफळ, फोटो. एका सदस्याले दोनदा शाल गेली अन् एका बाईले गेलीच नाई, मंग पहिल्याची काढून तिले दिली. मी भाषणाले उभा झालो. तिसऱ्या पानावर समितीच्या सभापतींनी घड्याळ पाह्यलं अन् म्हणाले, फार सुंदर बोलता, चला आता तलाव पाहू. म्हणजे भाषण पसंत पडलं.
तेवढ्यात मुखरूभाऊ उठला. सायेब, माहं एक आयका, म्हणून पुढं येऊन राह्यला. धोतर मळकं, पाय चिखलाचे, सकाळपासून मुद्दाम गाळात उभा होता वाटते. मी खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं. वक्त्यांमध्ये त्याचं नाव नव्हतं.
रुमाल हलवला. पत्रूनं जाळं ओढलं. काय रोहू दिसली बाप्पा! टाळ्या. एका सदस्यबाईनं फोटोसाठी दोन्ही हातात धरली अन् म्हणाल्या, अय्या, किती थंड आहे हो ही! दुसरा असता तं तिथंच फसला असता. पण सचिव तो सचिव. म्हणलं, मॅडम, आमच्या तलावाचं पाणीच थंड आहे. संगं आलेल्या अधिकाऱ्यानं लगेच लिहून घेतलं.
गाडीत बसता बसता सभापतींनी विचारलं, काही अडचण? आता दारातून निघालेल्या पाहुण्यापुढं रडगाणं कोण गाते? हात जोडून म्हणलं, आपल्या कृपेनं काई अडचण नाई.
दिवस गाजला.

८ जानेवारी
उरलेल्या रोहूले गोकुळानं हात लावला नाई.
भाग्यश्री फोनवर रडली. म्हणते, बाबा, तुम्ही अडचण नाई असं म्हणले? मी सांगतलं, ती बोलाची रीत असते, शिकलेली माणसं समजून घेते. ती म्हणते, समिती कागद समजते. अजून वेळ आहे, लेखी म्हणणं महिनाअखेरपर्यंत मेलवर जाते, आजच पाठवा. खरी परिस्थिती लिहा, मुखरूआजाचा अंगठा घ्या.
पाठवतो. उद्याच.

१९ जानेवारी
लेखी म्हणणं मनात तयार आहे. पण खरी परिस्थिती लिहायची म्हणजे रोहूचंबी लिहा लागते. भाषा जपून वापरा लागल.

१ फेब्रुवारी
काल दिवसभर नेट नव्हतं. तसंही तोंडी सगळं झालंच होतं.

२७ मार्च
अहवाल आला! पोरीनं पाठवला, वर काई लिहिलं नाई. आमच्या तलावाबद्दल पाच ओळी आहे, जशाच्या तशा उतरवतो:
"सदर तलाव समितीस सुस्थितीत आढळला. मत्स्योत्पादन उत्तम आहे. पाणी थंड असून मत्स्यवाढीस पोषक आहे. स्थानिक संस्थेची कोणतीही अडचण नाही. खुल्या लिलावासाठी योग्य."
थंड पाण्याचं वाक्य माह्यं आहे. विधिमंडळाच्या अहवालात मनसाराम शेंडेचं वाक्य! नाव नाई टाकलं, पण वाक्य माह्यंच. मुखरूभाऊले अजून सांगतलं नाई. योग्य वेळ पाहून सांगतो.

१४ मे
कायदा झाला. लिलावबी झाला. संस्थेनं बोली लावायची असं मी ठरवलं होतं, प्लॅन पक्का होता. पण बोली कशी सुरू झाली हे कळाच्या आत ती संपली. तलाव बाहेरच्या ठेकेदाराले गेला.
अपील करू. अपिलात मी चांगला बोलतो.

१ जून
मुखरूभाऊ नेहमीसारखा जाळं घेऊन तलावावर गेला. काल कायदा बदलला म्हणून आज सवय बदलते का? ठेकेदाराच्या चौकीदारानं जाळं हिसकून घेतलं.
तो तिथून सरळ माह्या अंगणात आला अन् बसला. शिव्या देईल म्हणून मी तयारी केली होती. दिल्या नाई. गोकुळानं चहा ठेवला, तो तसाच थंड झाला. रिकामे हात कुठी ठेवावे ते त्याले समजत नव्हतं, घडीघडी मांडीवर ठेवे अन् उचले. मले रडू आलं. आत जाऊन मोबाइल पाहत बसलो.

९ जून
पाऊस नाई. अपिलाची मुदत गेली म्हणे.
ठेकेदाराचा मॅनेजर घरी आला होता. अहवाल वाचून बोली लावली म्हणते, अन् आता जाळ्यात चिखल अन् चपला. ती रोहू कुठी आहे, असं विचारून राह्यला. मी म्हणलं, असते खोल पाण्यात. म्हणते, खोल पाणी कुठी आहे?
तो गेल्यावर तलावावर गेलो. तारांचं कुंपण लागलं आहे. जिथं मंडप होता तिथं तार ढिली आहे, तिथून पाय आत घातला. पाणी घोट्याएवढं, खाली नुसता गाळ. पाय रुतला.
चौकीदार ओरडला, पाय काढ बाहेर, कोण आहे तू? म्हणलं, सचिव. तो म्हणते, कशाचा?
पाय काढला अन् घरी आलो.
पाणी गरम होतं.