डब्याला आतून कडी

१२ नोव्हेंबर, बुधवार

डबा आता माझा. तीन नंबरच्या गोडाऊनमधली कुरिअरवाली कंपनी गाशा गुंडाळून गेली आणि जाताना आपली ट्रॉली मागे ठेवून गेली — आठ फूट बाय पाच फूट, दोन चाकं, चारी बाजूंनी पत्रा. जीपच्या मागे जोडून पार्सलं न्यायचे. त्यांचा साहेब म्हणाला, "केसरीशेठ, आमची आठवण म्हणून ठेवा." लोक आठवण म्हणून फोटो ठेवतात.

भंगारवाल्याला बोलावलं होतं. तो यायच्या आत आमच्या मुलीने, करिष्माने, सासरहून एक व्हिडिओ पाठवला. कुठलं तरी गोरं जोडपं असल्याच डब्यात पलंग, शेगडी, दिवे बसवून डोंगरात राहतंय. दोघंही बिनकामाची असावीत. फार आनंदात होती.

भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला. डोक्यात काहीतरी आलंय.

१४ नोव्हेंबर

डोक्यात आलेलं लिहून ठेवतो. वही ट्रान्सपोर्टवाल्यांनी दिवाळीला फुकट दिलेली, आणि सीता काही वाचत नाही, त्यामुळे इथं मोकळं बोलता येतं. सातवी झाली आहे म्हणे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तिच्या हातात मी कागद पाहिला तो भज्यांचा.

तर — अंजूरच्या आमच्या सगळ्या शेतावर आता माझी गोडाऊनं उभी आहेत. मागच्या कुंपणापलीकडे, खाडीच्या अंगाला, वीस गुंठे तेवढे उरलेत. ते वडिलांनी जाण्याआधी सुनेच्या नावावर केले. पोटचा मुलगा समोर उभा असताना सुनेच्या! बापाला माझा स्वभाव माहीत होता, दुसरं काय. सीता तिथं पावसाळ्यात भात करते, भात निघाला की ओलीवर वाल टाकते. धनेशने — माझा भाचा, जमिनीची दलाली करतो आणि शर्टाचं वरचं बटण लावत नाही — त्या तुकड्याला पार्टी आणली आहे. संक्रांत झाली की भराव, मग चौथं गोडाऊन. अडलंय फक्त सीताच्या सहीवर. ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. "बघू" म्हणते. तिचं "बघू" म्हणजे हो, असं मी धरून चालतो.

बेत असा. डब्याचं घर करायचं आणि सीताला फिरवायचं. मी सगळा देश पाहिला, ट्रकच्या काचेतून का होईना. तिने पाहिला गोडाऊनचा पत्रा. आठ दिवस महाबळेश्वर करून आणू. माणूस खूश असला की सही करतो. आल्यावर लगेच सही.

१८ नोव्हेंबर

नारपोलीच्या मुख्तारभाईला आणून डबा दाखवला. पूर्वी लूमचे सुटे भाग बनवायचा, आता वेल्डिंगपासून सुतारकामापर्यंत सगळं करतो. डब्याभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाला, "शेठ, माल के लिए या आदमी के लिए?"

म्हटलं, आदमी के लिए.

"तो पहले छेद करना पडेगा. माल सांस नहीं लेता."

बायकोसाठी करतोय म्हटल्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आलाय.

२३ नोव्हेंबर

खालची फळी बसली. धनेश पाहायला आला आणि थेट आत शिरून मागच्या टोकाला बसला. जीप सोडलेली होती. पुढचा दांडा वर गेला, मागचा भाग धाडकन जमिनीला टेकला आणि भाचा दारातून बाहेर ओतला गेला. आमचा वॉचमन दौलत — वीस वर्षं गेटवर आहे, चेहरा कधी हलत नाही — म्हणाला, "शेठ, उलार झाली." हे सांगायला वॉचमन लागत नाही.

आयुष्यभर ट्रक भरले मी. वजन कुठं ठेवायचं ते दुसऱ्यांना शिकवलं. आणि घरच्या डब्याला उलार! सीता कपडे वाळत घालत होती. तिथूनच म्हणाली, "बैल सोडायच्या आदी गाडीला टेकू देतात."

मुख्तारला चारी कोपऱ्यांना जॅक लावायला सांगितले. जॅक म्हणजे टेकूच, फक्त पावती मिळते.

२७ नोव्हेंबर

आरटीओच्या कामाचा एजंट म्हणतो, डबा चालू असताना आत माणूस बसवायचा नाही, कागदावर ही मालाची ट्रॉली आहे. म्हणजे सीता जीपमध्ये माणूस आणि डब्यात माल. बरं.

३ डिसेंबर

दोन नंबरच्या छपराखाली लावलेली चंदेरी फोमची शीट उरली होती. ती भिंतींना आणि वरच्या पत्र्याला लावून त्यावर प्लाय मारला. दुपारी आत बसून पाहिलं, चक्क घाम आला नाही. जुन्या बसची सरकती खिडकी भंगारात मिळाली, ती बसवली. तिला बाहेरून जाळी मारून घेतली. मुख्तार म्हणाला, "चोर क्या ले जाएगा शेठ, भाभी को?"

जाळी ती जाळी. खिडकी उघडी सोडायची सवय मला नाही.

९ डिसेंबर

सीताचा रस वाढतोय. तीन दिवसांत तिने विचारलेलं:

"पाण्याची टाकी किती दिस पुरंल?" — दोन माणसांना चार दिवस. "म्हंजे एकाला आठ," ती म्हणाली. हिशेब चोख.

"जीप न्हाय जोडली तरी उभा ऱ्हाईल ना?" — वर्षभर राहील, चार जॅक आहेत.

"पावसान गळंल का?" — पावसाळ्यात कोण जातंय महाबळेश्वरला? हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, थेंब येणार नाही.

माझे कान तिखट. इंजिन सुरू झालं की कुठलं बेअरिंग जाणार ते सांगतो. भाडेकरू काचेपलीकडे काय पुटपुटतोय तेही कळतं. सीताच्या आवाजात मला स्पष्ट ऐकू येतंय — मासळी गळाला लागली.

१५ डिसेंबर

पलंग झाला. लाकूड पॅलेटचं, जे वर्षानुवर्षं खोकी वाहतं. आता आम्हाला वाहील. सोलर, बॅटरी, ट्रकच्या केबिनमधला पंखा, एक बर्नरची शेगडी, घडीचं टेबल. पलंगाखाली मी स्वतः एक चोरखण केला, मुख्तारलाही दाखवला नाही. ही वही आता तिथं. घरात सीता सारखी आवराआवर करते.

२१ डिसेंबर

धनेश फोनवर पार्टीला सांगत होता, "मामी म्हंजे गाय हाय, मामांनी चारा टाकलाय." मी मोटारीपलीकडे उभा होतो. बोलला ते बरोबरच. पण ऐकायला बरं वाटलं नाही.

जेवताना सीता म्हणाली, "महाबळेश्वरला थंडी असंल आता. शाल घ्यावी लागंल." मी तिला जागेचं नाव सांगितलेलं नव्हतं. करिष्मा बोलली असणार. मुलींच्या पोटात काही राहत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. म्हणून इथं.

डबा पूर्ण झाला. दुपारी सीताला आत नेलं, दार लोटलं आणि पंखा लावून दाखवला. फोन जीपमध्ये राहिला. तेवढ्यात बाहेर खट्ट झालं. मग किर्र, मग खट्ट. तो आवाज मी झोपेतही ओळखेन — कुलूप, मग सील. दौलत! वीस वर्षं मीच त्याला शिकवलंय की मालाचं दार नुसतं लोटलेलं दिसलं तर आधी कुलूप, मग चौकशी. त्याने कुलूप घातलं आणि चौकशी करायला घरी जेवायला गेला.

दार ठोकलं, हाका मारल्या. रविवार, हमाल सुट्टीवर. खिडकीला जाळी, माझ्याच कृपेने. खिडकीतून समोर सीताचं शेत आणि शेतात तीन बगळे. त्यांनी मान वळवून पाहिलं.

दाराची आतली बाजू चाचपली. गुळगुळीत प्लाय. वीस वर्षांत गोडाऊनची, ट्रकची कितीतरी दारं करून घेतली, आतली कडी एकालाही मागितली नाही. मालाला आतून काय लावायचं असतं?

सीता म्हणाली, "कडी भायेरच ठेवली? माणसांसाठी हाय ना यो?"

तिने शेगडी पेटवून चहा केला. अडीच तास आम्ही समोरासमोर बसलो. इतका वेळ असे कधी बसलो होतो ते आठवेना. ती खिडकीशी बसून बोलत होती. "तुमी गाडीवर असायचे, तवा मी मामंजींसंगती राखणीला जायची. माळ्यावर झोपायचो. डुकरं आली की डबा वाजवायचा. भरतीचं पाणी चढायला लागलं की मामंजी मना उठवायचे. म्हनायचे, ऐक, खाडी बोलतंय."

मग बोट ओठांवर ठेवून म्हणाली, "आतापन ऐकू येतंय. आज गाड्या बंद हायत ना."

मी कान दिला. पंखा ऐकू आला. बॅटरीची बारीक घरघर ऐकू आली. खाडी नाही आली.

दौलत आला, सील तोडलं, गेटच्या वहीत वेळ टिपून घेतली. "शेठ, तुम्हीच सांगितलं होतं," म्हणाला. त्याची पगारवाढ करावी की त्याला खाडीत टाकावं, ठरत नाही.

२९ डिसेंबर

मुख्तारला आतल्या कडीचं सांगितलं. "नाप ही नहीं दिया था आपने," म्हणाला. बाजारात मिळाली त्यातली सर्वांत जाड कडी आणून मी स्वतः बसवली. सीताने दोनदा लावून पाहिली, हिसका मारून पाहिली. "आता झालं," म्हणाली. किती दिवसांनी तिला इतकं खूश पाहिलं!

८ जानेवारी

शनिवार १७ला निघायचं. जाऊन येऊन सोमवार २६ची सुट्टी सोडली की २७ला रजिस्ट्रेशन. धनेशचा डंपरवाला १७लाच मुरूम आणून टाकायचा म्हणतो, मामी गावात नसतानाच बरं. मी म्हटलं, सही आधी होऊ दे. मग म्हटलं, टाक, कडेला टाक. हे म्हणायला नको होतं का? वाल शेंगेवर आलाय.

१४ जानेवारी, संक्रांत

सीताने धनेशला तिळगूळ दिला. त्याने पाया पडता पडता विचारलं, "मामी, मग सहीचं?"

"बघू," म्हणाली. आणि हसली.

१६ जानेवारी, शुक्रवार

(बिल्टीच्या, म्हणजे ट्रकच्या मालपावतीच्या, मागे लिहितोय. वही डब्यात आहे.)

सकाळी उठलो, सीता नाही. आवारात डबा नाही. दौलतला विचारलं, तर त्याने गेटपासची प्रत पुढे केली. मालकिणीने जीप जोडायला सांगितली, त्याने जोडली, पोचवली, सोडून आला. गेटपासावर त्याच्या सुवाच्य अक्षरात — माल: ट्रॉली एक, तांदळाची गोण एक, मालकीण. कुठे: मागचं शेत. परतीची तारीख: त्या रकान्यात रेघ.

कुंपणाशी गेलो. वालाच्या मधोमध डबा उभा, चारी जॅक खाली, पुढे दांड्याला बाभळीचा टेकू वरून वेगळा. हाक मारली. उत्तर म्हणून आतून कडी लागल्याचा आवाज आला. चांगली बसते. माल अस्सल आहे.

१७ जानेवारी

(पुन्हा बिल्टी.)

डंपर आला. ड्रायव्हरने काच खाली करून डबा पाहिला, मला विचारलं, "अंदर कोई है क्या?" म्हटलं, मेरी घरवाली. "फिर मैं नहीं डालेगा," म्हणाला आणि भरलेला डंपर घेऊन गेला. शहाणा माणूस. कुणाच्या हाताखाली शिकला विचारायला हवं.

धनेशने अर्धा तास दार वाजवलं. "मामी, दार उघड. बोलू आपण."

जाळीतून आवाज आला, "चहा घेशील? कप तुझा तू आन."

मग धनेश माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, कडी तोडू?" म्हटलं, तुटणार नाही. मी बसवली आहे.

किती दिवस चालेल याचा हिशेब केला. टाकीचं पाणी, एकटीला, आठ दिवस. तिने डिसेंबरातच केला होता.

१९ जानेवारी

वही परत मिळाली. दुपारी शेतात गेलो तर सीताने जाळीच्या खालच्या फटीतून सरकवली. चोरखणासकट सगळं तिला पहिल्या दिवसापासून माहीत असावं. एक पान दुमडलेलं — १४ नोव्हेंबर. "आल्यावर लगेच सही" याच्यापुढे पेन्सिलीने बरोबरची खूण, आणि खाली, बिल्टीवर पोच देतात तशी, वळणदार अक्षरात एक ओळ:

डबा चांगल्या स्थितीत मिळाला. सही — सीताबाई केसरीनाथ.

धनेशला फोन केला. मामीने सही केली म्हटल्यावर उडालाच. "मग डंपर पाठवू?" म्हटलं, नको. सही डब्याच्या पोचेवर आहे, जमिनीच्या कागदावर नाही. आणि तो कागद मी आता पुढे करणार नाही.

मग खिडकीशी जाऊन विचारलं, आत एका माणसाला जागा होईल का? राखणीला दोघं लागतात.

"बघू," म्हणाली.

त्याचा अर्थ या वेळी मी धरून चालत नाही. बांधावर बसलोय. कान दिला आहे.