जास्तीचा दाब

सांगली,
११ एप्रिल २०२५

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग लिहायची रीत आहे, पण यंदा कंबर तेवढी वाकत नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास, नवऱ्याचा, अमृतचाही केलास, म्हणून हे रजिस्टर पोस्टानं फलटणला पाठवते आहे.

आम्ही मजेत आहोत. ऊन असं आहे की दुपारी बाराला कृष्णेच्या घाटावर कुत्रंही दिसत नाही. तुझ्या भाचीचे, शिवांजलीचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती हसली की अगदी तुझ्यासारखी दिसते, हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. अमृतची बदली विट्याच्या शाखेत झाली, एसटीनं जाऊन-येऊन करतो. आपल्या थोरल्या अंजनाताईचा फोन आला होता. म्हणाली, "उत्का, मी दिली की जमीन सोडायची सही चार वर्सामागं. माजं काय वाईट झालं? दर दिवाळीला साडी येतीया." बोलताना ती मधेच थांबायची, तेव्हा तू शेजारी बसून तिला खुणावतोयस असं वाटत होतं.

मी पोकर सोडलं. मला तो खेळ शिकवला तूच. पुण्याच्या खोलीवर पैशांच्या जागी लावतात त्या चिप्सच्या चकत्यांऐवजी चिंचोके मांडायचास आणि सांगायचास, "मोठा ढीग ज्याच्याफुडं, त्यानं पत्त्याकडं बघायचंच न्हाई. समोरच्याच्या तोंडाकडं बघायचं. त्यो हरला तर घरी जातोय, आपुन हरलो तर नुसता ढीग कमी हुतोय. म्हणून दाबायचं. दर डावाला दाबायचं, त्येला दम घिऊ द्यायचा न्हाई." मला ते लय भारी वाटायचं. तुझा ढीग माझ्यावरच चालून येईल हे डोक्यात कधी आलंच नाही.

अमृतला हा खेळ कळत नाही. जानेवारीत गोव्याच्या कॅसिनोच्या बोटीवर काय झालं ते त्याला मी असं समजावलं: स्पर्धेत सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, संपल्या की उठायचं. बक्षीस पंचेचाळीस जणांना होतं आणि आम्ही सेहेचाळीस उरलो होतो. आणखी एक जण उठला की बाकीचे सगळे तरले. अशा वेळी थोड्या चिप्सवाला जीव मुठीत धरून बसतो आणि मोठ्या ढिगाचा माणूस त्याला झोडपून काढतो. दादापुढं टेबलावरच्या निम्म्या चिप्स होत्या, माझ्यापुढं मूठभर.

पुढचं त्यालाही सांगितलं नव्हतं. मला दोन राजे आले होते. तू माझ्या सगळ्या चिप्सना पुरेल एवढा ढीग पुढं ढकललास आणि वाकून हळूच म्हणालास, "उत्का, एक्के हायत माज्याकडं. टाक. ऐक माजं." मूठभर चिप्स उरल्यावर दोन राजे टाकून डाव सोडणारा जगात कुणी नाही, त्यांच्या वर फक्त दोन एक्के. मी टाकले. वाटलं, भाऊ आहे, वाचवतोय मला. तू पत्ते उघडे केलेस, सत्ती आणि दुर्री, सगळ्यांत फालतू पत्ते. सगळं टेबल हसलं. दहा मिनिटांत मी बाहेर पडले, बक्षिसाच्या एक पायरी अलीकडे. उठताना तू म्हणालास, "टेबलावर कोण भैन नसती, येडे."

मीही हसले, दादा. तू तिसरा आलास तेव्हा तुझ्या ट्रॉफीबरोबर फोटोही काढून घेतला. त्या फोटोची मला आता लाज वाटते.

त्यानंतर आठ दिवसांत तुझ्याकडून हक्कसोडपत्राचा मसुदा आला. 'वडील आप्पांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावाला सोडते.' मी उत्तर दिलं नाही, तर तू दाबायला लागलास. गावच्या यात्रेचं बोलावणं आलं नाही. मग आत्याचा फोन, की हिस्सा मागणाऱ्या भैनीला म्हायेर ऱ्हात न्हाई. वास्तविक मी काही मागितलंच नव्हतं. मग आईचा फोन लागेना. तू हरलास तर तुझा थोडा ऊस कमी होणार, मी हरले तर माझं माहेरच जाणार. तुला हे पक्कं ठाऊक होतं आणि तू त्यावरच खेळत होतास.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

मार्चमधल्या त्या सोमवारी तू सहीला बोलावलंस, तेव्हा मी निबंधक कार्यालयात भांडायला आले होते असं तू गावभर सांगितलंस. मी सही करायला आले होते. आधार, पॅन, दोन फोटो, सगळं पर्समध्ये होतं. अमृतला खोटं सांगून निघाले होते. जमीन मला नकोच होती. आईशी पहिल्यासारखं बोलता यावं एवढ्यासाठी मी ती सोडणार होते.

तुझी गाडी लिंबाखाली उभी होती आणि आई मागच्या सीटवर. मी काचेवर टिचकी मारली. तिनं चार बोटं काच खाली केली आणि विचारलं, "उत्का, जेवलीस का गं?" तेवढ्यात तू आलास, पुढून बटण दाबून काच वर केलीस आणि म्हणालास, "आदी सही. मग बसा मायलेकी बोलत." आई आतून काहीतरी म्हणत होती, मला ऐकू आलं नाही.

मी पत्ते टाकायलाच आले होते. तू पाच मिनिटं गप्प बसला असतास तर सगळी जमीन तुझी होती. पण तुला सवय लागली आहे, समोरचा हरायला तयार असला तरी दाबायची. या वेळी तर तू आईलाच चिपेसारखी पुढं ढकललीस. मी तशीच एसटी स्टँडवर चालत गेले आणि सांगलीची गाडी धरली. मला तुझा राग येतो, दादा. झोपेतून उठल्या उठल्या येतो.

परवा मी वाटपाचा दावा दाखल केला. नोटीस येईलच. कोर्टात वर्षं जातील म्हणून मला भिववू नकोस, दोन महिने आईशी धड न बोलता राहिले आहे, आणखी काय भिववणार?

वकिलीणबाईंनी विचारलं, कुठला तुकडा मागायचा. म्हणाल्या, "ताई, कालव्याकडचा मागा, पाण्याचा हाय." मी सांगितलं, नको. घराला लागून जे खडकाळ परडं आहे, जिथं ऊसही येत नाही, ते मागा. तिथं मी दोन खोल्या बांधणार आहे. आई दारात भाजी निवडायला बसली की मी माझ्या उंबऱ्यावरून तिच्याशी बोलेन, आणि तुला ते रोज ऐकावं लागेल.

तुझी होणारी शेजारीण,
उत्कर्षा