गादी टाकून ठेव

बारा ऑक्टोबर

धाकट्या,
आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तिकडेही ठीकच असेल असं धरून चालते.

नाही, या वयात मला शिकायची हौस आलेली नाही. तू विचारलं नाहीस, पण विचारशील, म्हणून आधीच सांगून टाकते. तिकीटवाल्यांनीच गळ्यात मारलं. पहिल्यांदा एकट्याने विमानात बसणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी इंग्रजीचा वर्ग, तिकिटावर फुकट. म्हणून जाते.

शिकवणारी एक चष्मेवाली पोरगी आहे. हुशार, पण शब्दांचं खानदान काढत बसते. फळ्यावर ‘सफारी’ लिहिलं आणि म्हणाली, हा मुळात अरबी, सफरवरून आलाय. ‘मान्सून’ म्हणजे अरबांचा मोसम. लॉजच्या दारात दरांचा बोर्ड असतो ना, ‘टॅरिफ’, तोही त्यांचाच. मी म्हटलं, "बाई, पाणी कुठे आणि संडास कुठे, ते कसं विचारायचं सांग. शब्दांची सोयरीक नंतर जुळव."

सगळे हसले. तीही हसली. म्हणाली, "आजी, ओळखीचा शब्द डोक्यात लवकर बसतो."

खोटं नाही ते. सफर, मोसम आपल्याकडे आहेतच. बसले.

मग तिने ‘मॅट्रेस’ काढला. म्हणजे गादी. गाद्या भरण्यात माझा जन्म गेला आणि ही मला गादी शिकवणार! तर म्हणे अरबीत मूळ अर्थ काहीतरी खाली टाकायची जागा. मी म्हटलं, "यात नवल काय? आम्हीही गादी टाकतोच की."

तेवढ्यात मला आपली दुकानामागची खोली आठवली. दिवे गेले की तू तुझी गादी फरफटत आणून माझ्या गादीला चिकटवायचास. खोलीभर कापूस. बाबा ओरडायचे, "फाडलीस परत?" तू म्हणायचास, "मी नाही, अंधाराने फाडली."

असो.

परवा विमानतळाची तालीम झाली. पोरगी साहेब होऊन खुर्चीत बसली. "कशासाठी आलात?"

"मुक्कामाला."

"आजी, इंग्रजीत सांगा! आणि मुक्कामही अरबीच बरं का."

"मग बरंच झालं. पुढचं विचार."

"परत कधी जाणार?"

मी पदर सारखा करत बसले.

"आजी, तारीख सांगावी लागते."

"ही तारीखही अरबीच असणार."

"हो."

"मग त्यांनाच विचार जा."

वर्ग खो खो हसला. ती नाही हसली, माझ्याकडे बघत राहिली. बघू दे. तिकिटावर परतीची एक तारीख आहे, ती पुढे ढकलता येते असं विचारून घेतलंय. दुकानाची किल्ली कारागिराला दिली. कापूस पिंजायचं यंत्र तसंही त्याचंच ऐकतं, माझं नाही.

अक्षर मोठं दिसतंय ते जाड पेन मिळालं म्हणून. दुसरं काही नाही. तरी लागलं नाही तर बायकोकडून वाचून घे. तिचा फोन आला होता. तुझे डोळे फार तर थंडीपर्यंत साथ देतील, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तिला वाटलं असेल, काय दगड बाई आहे. दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

वीस तारखेला सकाळी उतरते. बायकोला घेऊन तूच ये. गर्दीत मला हुडकायचं काम तुझं, तिने मध्ये बोलायचं नाही. मी लालभडक शाल घेईन. विदूषक दिसेन, पण लांबून दिसेन.

तुमच्याकडे पाहुण्यांचा पलंग आहे, ठाऊक आहे मला. नको. तुझ्या खोलीच्या दाराबाहेर खाली एक गादी टाकून ठेव. आतून हाक मारलीस तर ऐकू आली पाहिजे, एवढंच बघ. बायको म्हणेल, लोक काय म्हणतील. म्हणू देत.

किती दिवस, ते विचारू नकोस. आणि डोळ्यांबद्दल आणखी एक अक्षरही माझ्याकडून मिळणार नाही. बास.

तुझी
आक्का