सोबत कोण आहे?

१४ नोव्हेंबर २००६, महागाव

काल सातवीच्या वर्गात फळ्यासमोर पडले. झटका आला म्हणे. मला आठवतो तो फक्त हातातून सुटलेला खडू. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी कांदा धरलेला, आणि पोरी रडत होत्या. अर्धा वर्ग कापूस वेचायला गेलेला – बरंच झालं. कमी जणांनी पाहिलं.

१८ नोव्हेंबर

यवतमाळला डोक्याचा स्कॅन झाला. डाव्या बाजूला लहानसा गोल डाग. टीबीची गाठ असेल, जंताची असेल, नाहीतर कॅन्सर – नक्की सांगता येत नाही, तज्ज्ञांना दाखवा. एका ओळीत तिन्ही! तज्ज्ञ नागपूरहून एक रविवार सोडून येतात. म्हणजे २६ला.

१९ नोव्हेंबर

रिपोर्ट आणि डिक्शनरी घेऊन बसले. शब्द सगळे कळले. मला काय झालंय ते नाही.

२१ नोव्हेंबर

पुण्याहून धाकट्या भावाचा, कपिलचा फोन. त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. "ताई, तुझं काय?" म्हणाला. सांगणार होते. म्हटलं, काही नाही रे, इकडे कापसाला भाव नाही.

२६ नोव्हेंबर

आर्णीच्या अलीकडे रास्ता रोको. कापसाच्या बैलबंड्या रस्त्यात आडव्या – भाव द्या म्हणून. त्यांचं काय चुकलं? पण मी खिडकीशी बसून रडले. यवतमाळला पोचले तोवर डॉक्टर परत गेलेले. आता १० डिसेंबर.

२ डिसेंबर

सातवीचा वर्ग काढून घेतला. मुख्याध्यापक म्हणाले, आराम करा. स्टाफरूममध्ये माझा कप वेगळा ठेवलाय. कुणी बोललं नाही, मीच पाहिलं.

५ डिसेंबर

झोपताना दाराला कडी लावत नाही आता. पडले तर कुणाला तरी आत येता यावं.

१० डिसेंबर

डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर शेजारी एक बंजारा बाई. मानीबाई, पुसदकडच्या तांड्यावरची. घरचे सगळे ऊसतोडीला गेलेत. हिचं डोकं दुखतं, दिसत नाही नीट, म्हणून हिला मागे ठेवलं. तिच्याही मांडीवर स्कॅनचं पाकीट.

माझं नाव पुकारलं. दारात नर्सनं अडवलं. "सोबत कोण आहे? एकट्या पेशंटला डॉक्टर काही सांगत नाहीत."

मी परत वळायला लागले. तर मानीबाई उठली.

"मी हाय ना. बहीण हाय मी इची."

नर्सनं माझी सुती साडी पाहिली, तिचा आरशांचा घागरा पाहिला. आणि आत सोडलं.

जंताची गाठ निघाली. वाळत आलीय, गोळ्यांनी बरी होईल. मला खरंच वाटेना. मानीबाईनं माझा हात घट्ट दाबला. "पाह्य, कायले भेत होती!"

मग तिचं नाव आलं. मी तिच्यासोबत आत गेले. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. मग बोलू लागले ते माझ्याशी. तिच्याकडे बघेचनात.

११ डिसेंबर

गुरुवारी नागपूर. शाळेत रजेचा अर्ज दिला. कारण – बहिणीचं ऑपरेशन.