नाकाबद्दल दिलेला शब्द

४ फेब्रुवारी
बाबांचा दहावा. सकाळी आठला नेऱ्याला नदीवर. आई, आत्या, काका, बाकी पंधरा-वीस जण. केस गेले, मिशीही. पिंड ठेवले. कावळे झाडावरच बसून. मी म्हणालो, आईला सांभाळीन. आत्या म्हणाली, घर रंगवून घेऊ. काही नाही. पाऊण तास उन्हात. शेवटी काका पुढे आले. "दादा, पोराच्या नाकात जीव अडकलाय ना तुजा? ऑपरेशन करून घेतो त्याचा. मी हाय!"
कावळा लगेच खाली.
सगळे माझ्या नाकाकडे बघत होते. कोणीतरी हसलं. आईसुद्धा, दहा दिवसांत पहिल्यांदा.

७ फेब्रुवारी
तेरावा. आत्या लाडू वाढताना, "मग कधी करतोयस?" मी लाडू फोडला.
आठवीत सायकलवरून पडलो. नाकाचं हाड मोडलं. बाबा म्हणाले सूज आहे, उतरेल. डॉक्टरकडे नेलं नाही, लेप लावला. वाकडंच जुळलं. पुढे दोन स्थळांकडून नकार आला, तेव्हा दोन्ही वेळा बाबा माझा फोटो हातात घेऊन बसून राहिले. दर वर्षी एकदा म्हणायचे, "दाखवून ये." मी, "पुरुषाला काय करायचंय?" विषय संपायचा.

१९ फेब्रुवारी
ऑफिस. मिशी अजून अर्धवट. सावंत म्हणाला, "मिशी नाही तर तुझ्याआधी नाकच केबिनमध्ये येतं रे." हसलो. मग बाथरूमच्या आरशात बराच वेळ.
काकांचा फोन. "शब्द दिलाय. दादाला तोंड कसा दाखवू?"

३ मार्च
ऑप.ची चौकशी. पनवेललाच, डॉक्टर बाई. डावी बाजू आतून जवळजवळ बंद आहे म्हणाल्या. आतलं आणि बाहेरचं एकदमच सरळ करता येईल. पुरुषाचं नाक फार कोरायचं नसतं, चेहरा परका वाटतो. आठवडाभर प्लास्टर, काही आठवडे चष्मा नाकावर टेकवायचा नाही, पूर्ण सूज उतरायला वर्ष.
"का करायचंय?" मी कावळ्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "कावळ्याच्या सांगण्यावरून मी चाकू धरत नाही. तुम्हाला काय हवंय ते लिहून आणा. घाई नाही. घरात दुःख आहे."

४ मार्च
आईला विचारलं, वर्षाच्या आत चालेल का. "ते काय लग्नकार्य आहे?" मग भाजी निवडत, "मला तू आहेस तसा चालतोस. त्यांना मात्र तो लेप शेवटपर्यंत सलत होता."
हे मला कधीच कळलं नव्हतं. एकदा तरी बोलले असते तर मी

२२ मार्च
रविवार. आई देवळात. कागद घेऊन बसलो.
डाव्या बाजूने श्वास नाही. फोटोत उजवीकडे वळतो. इथे थांबलो. तिसरी ओळ पाच वेळा खोडली. मग लिहिली: मला पूर्वीपासूनच करून घ्यायचं होतं, सांगायची लाज वाटत होती.
वाचली. काका, कावळा, बाबा, कोणीच नाही त्यात. बरं वाटलं.
डॉक्टरांकडे गुरुवारची वेळ घेतली. ऑप. ठरलं असं नाही, वाचून त्या काय म्हणतात बघू. काकांना अजून कळवलं नाही.
तांदूळ धुऊन कुकर लावला.