वाघमारेंचा पाय

लातूर, मंगळवार

आज वाघमारेंच्या पायाचा अंगठा काढला. नवा जिल्हा झाल्यापासून आम्ही कचेरीत शेजारी बसतो; यंदा दुष्काळामुळं दिवसभर टँकरचेच कागद. त्यांच्या रक्तात साखर निघाली तेव्हा डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं होतं. ते पायी निघायचे अन् मीच स्कूटर थांबवायचो, "बसा हो, उन्हात कशाला पायपीट?" चहा नको म्हणाले की हसायचो. अंगठ्याच्या जखमेनं लंगडताना रोज दिसत होते, तरी एकदाही विचारलं नाही. का नाही विचारलं?

दवाखान्यात माफी मागायला गेलो, पण टँकरच्या कागदांचंच बोलत बसलो. तेच म्हणाले, "देशमुख, तुम्ही साखर तपासली का?"

"हाव, तपासली. काही न्हाई," मी खोटंच बोललो; तपासलीच नव्हती.

त्यांचा चेहरा केवढा खुलला.