भट्टीखाली राहिलेलं कोपर

भिलाई, ता. ७ ऑक्टोबर १९५८

आदरणीय मारोतरावमामांस, भाचा देवानंदचा सप्रेम जयभीम.

आपला दमा आणि मामींचे गुडघे आपापल्या जागी शांत असतील अशी आशा करतो. इकडे रत्नमाला ठीक, मीही ठीक. आपण यायची तसदी मुळीच घेऊ नये.

मे महिन्यात नव्या भट्टीच्या पायाजवळ साखळी तुटून गर्डर माझ्या उजव्या कोपरावर बसला, हे आपणांस कळलंच आहे. कळलं नसेल ते असं, की कोपराच्या हाडाचा दोन बोटं तुकडा निखळून खड्ड्यात पडला आणि वरून काँक्रीट पडतच राहिलं. (थांबवायचं काम माझंच होतं, पण मी बेशुद्ध.) डॉक्टरांनी कंबरेचं तेवढंच हाड कापून कोपरात पट्टी-स्क्रूनं बसवलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! आता धड बसवत नाही आणि हातही वाकत नाही. रत्नमाला भरवते आणि घासागणिक माझी एकेक जुनी चूक काढते. तोंड भरलेलं, उत्तर देता येत नाही. सोमवारी दवाखान्यात मेडिकल बोर्ड आहे. हात तोंडापर्यंत गेला तर फिटरची नोकरी राहील, नाही तर गावचा रस्ता.

आता गंमत ऐका. मजूर म्हणतात, एवढी मोठी भट्टी माणूस घेतल्याशिवाय उभी राहत नाही. माझं हाड आत गेलं आणि त्या दिवसापासून तिथं कोणाला खरचटलंही नाही. झालं! त्या जागी शेंदूर, लिंबू, नारळ सुरू. मला पाहिलं की माणसं डोक्यावरची पाटी उतरवून उभी राहतात, पण माझ्या सावलीत कोणी येत नाही. (सावलीचं आपणांस काय सांगावं! या वेळी कारण निराळं, एवढीच प्रगती.) गिट्टी वाहणारी भागीरथा प्रसाद हातावर ठेवून हसत विचारते, "बाकी कब देबे, भइया?" (म्हणजे उरलेला मी कधी देणार!)

दोन वर्षांपूर्वी नागपुरात आपल्या शेजारी उभं राहून मी देवभूत सोडले. म्हणून तिचं ऐकलं आणि तडक तिथले नारळ फेकायला गेलो. माझा जोडीदार लहानू मागं ओढत होता, "देवा, तू अर्धा त गेलाच आहेस, कावून भांडून राहिला?" मी हात पुढं केला आणि मामा, चार महिने तोंडापर्यंत न गेलेला हात आपोआप वाकला. दोन्ही तळवे छातीशी जुळले. मी जुळवले नव्हते. घरी आलो तर कोपर पुन्हा लाकूड. दुसऱ्या दिवशी परत गेलो, नुसतं तपासायला. तिथं वाकतं, दवाखान्यात नाही. डॉक्टर म्हणतात, स्नायू कधी ऐकतात, कधी नाही. मलाही तेच पटतं. भीती बिलकूल वाटत नाही.

मामींना जयभीम.

आपला,
देवानंद

ता. क. येऊ नका लिहिलं ते खोडलं समजा. बोर्ड गेलं खड्ड्यात, नोकरी गेली तरी चालेल. मिळेल त्या गाडीनं मला न्यायला या.

ता. क. २. हे पत्र मी उजव्या हातानं लिहितोय, त्या जागेवर बसून. सकाळपासून इथंच आहे. रत्नमाला दोनदा बोलवून गेली, पण मला उठताच आलं नाही. लहानू पत्र पोस्टात टाकायला शेजारी उभा आहे आणि घाई करतोय. पण कलम खाली ठेवलं की हा हात काय करील याची मला खात्री नाही, म्हणून लिहीत राहिलोय.